पऱ्हाटी, पाचट, शेण आणि देशाची वीज : बायोमासला वाव किती, शेतकऱ्याच्या पदरात काय?

कापसाची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटायची, धुऱ्यावर गोळा करायची आणि काडी लावायची. सोयाबीनचं कुटार जनावरांना पुरून उरलं की तेही पेटवायचं. ऊसवाल्यांकडे पाचट, धानपट्ट्यात तणस, मक्यावाल्यांकडे कणसाची बुरकुंडं. हा सगळा माल सरकारी भाषेत आता 'बायोमास' म्हणजे जैवभार झाला आहे. त्यापासून वीज, गॅस आणि गाडीचं इंधन होतं हे आपण ऐकतो. गावात कुणी 'पऱ्हाटी विकत घेतो' म्हणून येतो, कुणी 'नेपियर गवत लावा, गॅस कंपनी उचलेल' म्हणून सांगतो.

खरं किती आणि हवा किती? देशाच्या ऊर्जेत या मालाला खरोखर जागा आहे का? आणि असली तर पैसा कुणाच्या खिशात जातो? एकेक मुद्दा बघू.

देशात माल किती आहे?

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा अंदाज असा आहे की देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन बायोमास तयार होतो. त्यातला बराचसा चारा, सरपण, छप्पर, खत यात जातो. हे सगळं वजा करून शेतीतला जो शिल्लक राहतो तो सुमारे २३ कोटी टन. त्यातून अंदाजे २८ हजार मेगावॅटचे वीजप्रकल्प चालू शकतात. शिवाय देशातल्या साडेपाचशे साखर कारखान्यांच्या बगॅसमधून आणखी १४ हजार मेगावॅट. म्हणजे एकूण वाव ४२ हजार मेगावॅटचा.

आज प्रत्यक्षात उभं आहे साडेअकरा हजार मेगावॅटच्या आसपास. यातही मोठा वाटा साखर कारखान्यांचा. कागदावर बघितलं तर अजून तिपटीहून जास्त वाढायला जागा आहे.

पण दुसरी बाजूही बघा. २०२५ मध्ये देशाची एकूण वीजक्षमता पाच लाख मेगावॅटवर पोहोचली. त्यात बायोमास अडीच टक्क्यांच्याही आत. २०१५ साली बायोमास आठ हजार मेगावॅटच्या घरात होता, म्हणजे दहा वर्षांत वाढ साडेतीन हजारांची. सौरऊर्जा २०१४ साली तीन हजार मेगावॅटच्या आत होती, ती २०२५ मध्ये सव्वा लाखाच्या पुढे गेली. एक धावत सुटला, दुसरा चालतोय.

आणखी एक हिशेब. एक युनिट वीज करायला साधारण सव्वा किलो सुका काडीकचरा लागतो. २३ कोटी टन सगळाच्या सगळा जाळला तरी वर्षाला १८० ते १९० अब्ज युनिट वीज होईल. देशाची वर्षाची निर्मिती २०२४-२५ मध्ये १,८०० अब्ज युनिटच्या वर होती. म्हणजे देशातली एक काडी न सोडता जाळली तरी विजेचा दहावा हिस्सा. बायोमास कोळशाला हटवेल असं कुणी सांगत असेल तर तो वाढवून सांगतोय. पण दहावा हिस्साही लहान नाही, आणि तो शेतातून येतो हे महत्त्वाचं.

मग सौर स्वस्त असताना बायोमास कशाला?

सौर विजेचे लिलाव अडीच रुपये युनिटच्या आसपास होतात. काडीकचऱ्याची वीज त्याच्या दुप्पट-तिप्पट महाग पडते, कारण उन्हाला पैसे लागत नाहीत आणि पऱ्हाटीला लागतात. तरी तिची गरज का?

एक, सूर्य मावळला की सौर पंप आणि सौर प्रकल्प दोन्ही थांबतात. काडी मात्र रात्री आठला, पावसाळ्यात, कधीही जाळता येते. बायोमास म्हणजे साठवलेलं ऊनच.

दोन, सगळी ऊर्जा म्हणजे वीज नव्हे. कारखान्याच्या बॉयलरला वाफ लागते, ट्रकला इंधन लागतं, स्वयंपाकाला गॅस लागतो. देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आणि निम्म्याच्या आसपास नैसर्गिक वायू बाहेरून आणतो. तिथं बायोमासला खरी जागा आहे.

तीन, माल गावातला असल्यामुळे पैशाचा काही वाटा गावात फिरतो. गोळा करणारे, कुट्टी करणारे, वाहतूकवाले.

बायोमासचे पाच रस्ते

*१) साखर कारखान्याची सहवीज.* शंभर टन ऊस गाळला की २८ ते ३० टन बगॅस निघतो. तो बॉयलरमध्ये जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, त्याच वाफेवर रस आटवायचा. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरऐवजी ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले आणि कारखान्याची गरज भागून वीज विकायला उरू लागली. देशात बायोमास विजेचा हा सगळ्यात यशस्वी प्रकार, कारण माल गोळा करायचा खर्चच नाही, तो उसाबरोबर गेटवर येतो. गाळप हिवाळ्यात चालतं, आणि रब्बीच्या पाण्यासाठी विजेची ओढही तेव्हाच असते. अडचण दराची. राज्यात पूर्वी सहा रुपयांच्या पुढे ठरलेले दर नंतर निविदा पद्धतीमुळे पाच रुपयांच्या खाली आले, म्हणून नवीन सहवीज प्रकल्पांचा उत्साह ओसरला.

*२) कोळशात पेलेट मिसळणं.* काडीकचरा बारीक करून दाबून गोळ्या करतात, त्या पेलेट. औष्णिक केंद्रात कोळशाबरोबर त्या जाळायच्या. एनटीपीसीने २०१७ मध्ये दादरीला हे करून दाखवलं. पुढे केंद्राच्या वीज मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण आणलं, २०२३ मध्ये त्यात बदल केला आणि २०२४-२५ पासून ५ टक्के मिश्रणाचं बंधन घातलं. या मोहिमेचं नाव 'समर्थ'. यात नवा प्रकल्प उभा करावा लागत नाही, आहे त्याच बॉयलरमध्ये काम होतं. देशातली वीजकेंद्रं वर्षाला पाऊणशे कोटी टनांहून जास्त कोळसा जाळतात. त्याचे ५ टक्के म्हणजे पावणेचार कोटी टनांची मागणी. एवढ्या पेलेट आज देशात बनतच नाहीत. म्हणजे मागणी कायद्याने तयार आहे, पुरवठा नाही. राज्यात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, भुसावळ, परळी, मौदा अशी औष्णिक केंद्रं बहुतेक कापूस आणि धानपट्ट्यातच आहेत, हे लक्षात घ्या.

*३) पांढरा कोळसा.* पऱ्हाटी, तुराट्या, शेंगाची टरफलं, लाकडाचा भुसा दाबून केलेले जाड ठोकळे म्हणजे ब्रिकेट. बाजारात त्याला पांढरा कोळसा म्हणतात. तेलगिरण्या, दूध प्रकल्प, कापड रंगाई, औषध कारखाने यांच्या बॉयलरला तो लागतो. याला सरकारी वीज कराराची गरज नाही, भट्टीवाल्याला कोळसा महाग झाला की तो इकडे वळतो. आपल्या भागातली पऱ्हाटी विकली गेलीच तर ती बहुधा याच रस्त्याने जाते.

*४) बायोगॅस आणि सीबीजी.* शेण, प्रेसमड, तणस, भाजीबाजाराचा कचरा हवाबंद टाकीत कुजवला की गॅस होतो. त्यात ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. तो शुद्ध करून ९० टक्क्यांच्या वर नेला आणि दाबून भरला की झाला सीबीजी, म्हणजे गाडीत भरायच्या सीएनजीच्या तोडीचा गॅस. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आणली. ध्येय होतं २०२३-२४ पर्यंत ५ हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस. २०२५ पर्यंत सुरू झाले शंभरच्या थोडे वर. पंजाबात संगरूर जिल्ह्यात लेहरागागा इथं ऑक्टोबर २०२२ मध्ये मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता रोज ३३ टन गॅसची, आणि माल भाताचा पेंढा, वर्षाला एक लाख टन. आता गॅस कंपन्यांवर मिश्रणाचं बंधन आलं आहे : २०२५-२६ मध्ये १ टक्का, तिथून वाढत २०२८-२९ मध्ये ५ टक्के. म्हणून या रस्त्यावर पुढची काही वर्षं हालचाल दिसेल.

*५) इथेनॉल.* २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं, २०२२ मध्ये १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्के. बायोमासच्या सगळ्या योजनांत ध्येय वेळेआधी गाठलेली ही एकच. पण हे बहुतेक उसाचा रस, मळी, मका आणि तांदळापासून होतं, काडीकचऱ्यापासून नाही. काडीपासून इथेनॉल करणारा कारखाना इंडियन ऑइलने पानिपतला उभारला, २०२२ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. क्षमता रोज एक लाख लिटर. आसामात नुमालीगढला बांबूपासून इथेनॉल करायचा प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला. हे तंत्र अजून महागडं आहे.

इथेनॉलचा एक पदर आपल्याला चटका देणारा आहे. मक्याला इथेनॉलमुळे गिऱ्हाईक मिळालं हे खरं. पण मका आणि तांदळाचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस, तो कोंबडीखाद्यात जातो आणि स्वस्त असतो. त्यामुळे सोयापेंडीची मागणी घटली, असं सोया उद्योगाचं म्हणणं आहे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली विकावं लागलं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याला कारणं अनेक, पण त्यात हे एक. ऊर्जेचं धोरण दिल्लीत ठरतं आणि त्याचा भाव आपल्या मोंढ्यात फुटतो, तो असा.

वाढ अडते कुठं?

अडचण यंत्राची नाही. अडचण गोळा करण्याची आहे.

दहा मेगावॅटचा एक प्रकल्प धरा. त्याला वर्षाला ८० ते ९० हजार टन सुका माल लागतो. कोरडवाहू कापसाची पऱ्हाटी एकरी साधारण एक टन निघते. म्हणजे ८०-९० हजार एकरांची पऱ्हाटी. अर्धे शेतकरी देणार नाहीत, सरपणाला ठेवतील किंवा रोटावेटर फिरवतील. मग दोन तालुके पिंजून काढावे लागतात, आणि तेही वेचणी संपल्यापासून उन्हाळवाही होईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत. वर्षभराचा साठा मोकळ्या मैदानात. वर वळवाचा पाऊस, खाली वाळवी, आणि उन्हाळ्यात आगीची भीती.

दुसरी अडचण आकारमानाची. मोकळी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली की ट्रॉली भरलेली दिसते, वजन भरत नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे नेली तर डिझेलच मालाला खातं. म्हणून कुट्टी शेतात करणं किंवा पेलेट-ब्रिकेटचं युनिट तालुक्यातच असणं गरजेचं.

तिसरी अडचण भावाची. आजवर राज्यात आणि देशात काडीकचऱ्यावरचे कित्येक वीजप्रकल्प बंद पडले, त्याचं कारण एकच. विजेचा दर करारात बांधलेला, मालाचा भाव मोकळा. जी राइस मिल तूस फुकट उचला म्हणत होती, तिनं गिऱ्हाईक दिसताच पैसे लावले. बिहारमध्ये २००७-०८ च्या सुमारास तुसाच्या गॅसवर गावं उजळवून हस्क पॉवर ही कंपनी गाजली. पुढे तीच सौरऊर्जेकडे वळली.

चौथी गोष्ट मालाच्या गुणाची. सगळा काडीकचरा सारखा नाही. पऱ्हाटी, तुराट्या लाकडासारख्या जळतात, राख कमी. तणस आणि कुटारात सिलिका आणि पोटॅशचं प्रमाण जास्त, त्याने बॉयलरमध्ये खंगर धरतो. म्हणून पऱ्हाटीला मागणी, कुटाराला नाही.

जाळायचं, विकायचं की मातीत गाडायचं?

आपल्यासाठी कळीचा प्रश्न हाच.

राज्यातल्या बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला आहे. शेणखत मिळत नाही, जनावरं कमी झाली. अशा वेळी शेतातली काडी दरवर्षी बाहेर नेणं म्हणजे जमिनीच्या पासबुकातून पैसे काढत राहणं. उसाचंच उदाहरण घ्या. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. ते कुजवलं तर जमिनीला ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद आणि ७५ ते १०० किलो पालाश मिळतो. पाचट विकायच्या आधी युरिया-पोटॅशच्या गोणीचा भाव समोर ठेवून हिशेब करा. बहुतेक वेळा पाचट सरीत ठेवणंच परवडतं, ओलही टिकते.

पऱ्हाटीचं गणित वेगळं आहे. ती कुजायला वेळ लागतो. शिवाय उरलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून हंगामानंतर पऱ्हाटी शेतात किंवा घराजवळ रचून ठेवू नका असं कृषी विद्यापीठं सांगतात. फरदड न घेता पऱ्हाटी वेळेत उपटून विकली तर दोन पैसेही मिळतात आणि अळीचं चक्रही तुटतं. नागपूरला कापूस तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे सिरकॉटच्या, जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पऱ्हाटीच्या पेलेट आणि ब्रिकेटवर काम चालतं. गटाने जाऊन एकदा बघण्यासारखं आहे.

शेणाचं तर सगळ्यात सोपं. बायोगॅसमध्ये गॅसही मिळतो आणि स्लरीच्या रूपाने खतही शेतात परत येतं. गोवरी जाळली तर खत गेलं. चार-पाच जनावरं असतील तर रोज ५० किलो शेण निघतं, त्यावर दोन घनमीटरचा संयंत्र चालतो आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात आकारानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपयांपर्यंत केंद्राची मदत ठरवलेली होती. सध्याची स्थिती पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारून घ्या. देशात असे पन्नास लाखांच्या आसपास संयंत्र बांधले गेले, त्यातले बरेच बंद आहेत हेही खरं. कारण संयंत्र बांधून दिलं, पण रोज शेण कालवायचं काम आणि दुरुस्तीवाला माणूस कुणी धरला नाही.

थोडक्यात सांगायचं तर :

- पाचट, कुटार, गव्हांडा : आधी जनावरं आणि जमीन, उरलं तर विक्री.
- पऱ्हाटी, तुराट्या : विक्रीला हरकत नाही, पण दोन-तीन वर्षांआड शेणखत किंवा हिरवळीचं खत जमिनीला द्या.
- शेण : बायोगॅस आणि स्लरी.
- काहीही झालं तरी धुऱ्यावर काडी लावू नका. त्यात ना पैसा, ना खत.

विकताना हिशेब असा लावा

गेटवरचा भाव ऐकून हुरळून जाऊ नका. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्याकडचे भाव टाका.

समजा गेटवर सुक्या पऱ्हाटीला टनाला २,५०० रुपये बोलले. उपटणी आणि गोळा करणं ९०० गेले. कुट्टी ४०० गेली. वाहतूक ५०० गेली. उरले ७००. आता माल ओला निघाला आणि त्यांनी १० टक्के वजन कापलं तर अडीचशे आणखी गेले. हातात साडेचारशे. तीच पऱ्हाटी घेणाऱ्याने स्वतःच्या मशीनने, स्वतःच्या मजुराने उपटून नेली आणि वर तुम्हाला एकरी पाचशे दिले तर तो सौदा बरा, कारण शेत रिकामं करायचा तुमचा खर्चही वाचला.

म्हणजे सुटा शेतकरी यात कमावत नाही. कमावतो तो ज्याच्याकडे कुट्टी मशीन, ट्रॉली आणि साठवायला उंच जागा आहे. हे तिन्ही गावातल्या बचत गटाकडे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडे आलं तर नफा गावात राहतो. पेलेट युनिटलाही राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमातून अनुदान ठेवलेलं होतं, पण अनुदान हे काम सुरू झाल्यावर हातात पडतं. बँकेचा हप्ता मात्र आधी सुरू होतो.

सही करण्याआधी हे विचारा

१. भाव किलोवर की ट्रॉलीवर? वजनकाटा कुणाचा? ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालेल आणि कापणी कशी?

२. माल शेतातून उचलणार की गेटवर द्यायचा? कुट्टीचा खर्च कुणाचा?

३. पैसे किती दिवसांत? बँकेत की रोख?

४. करार किती वर्षांचा? डिझेल वाढलं तर भाव वाढेल का, ते कागदावर आहे का?

५. नेपियर लावायला सांगत असतील तर प्रकल्प उभा आहे का, हे स्वतः जाऊन बघा. भूमिपूजनाचा फोटो म्हणजे प्रकल्प नव्हे. गवताला पाणीही लागतं. दोन एकर ओलीत अडकवून उचल झाली नाही तर ते गवत जनावरंही संपवू शकत नाहीत.

६. 'सभासद व्हा, डिपॉझिट भरा, मग माल घेऊ' असं कुणी म्हणालं तर आधी पैसे देऊ नका. माल विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात.

७. सीबीजी प्रकल्पवाला असेल तर त्याचं सेंद्रिय खत परत कोणत्या भावाने देणार ते विचारा. या खताच्या विक्रीवर केंद्राने टनाला १,५०० रुपयांची मदत २०२३ मध्ये मंजूर केली आहे. आपली काडी नेली तर खत परत आलं पाहिजे, ही अट करारात टाका.

देशाला येत्या वर्षांत पेलेटही लागणार, गॅसही लागणार, बंधनं कागदावर आली आहेत. त्यामुळे पऱ्हाटीला गिऱ्हाईक वाढेल यात शंका नाही. पण कापसाचं जे झालं, की पिकवतो आपण आणि भाव ठरवतो दुसरा, तेच काडीचंही होऊ शकतं. येत्या हंगामाच्या आधी गावात बसून एवढं तरी ठरवा की माल एकेकट्याने द्यायचा नाही. ग्रामसभेत विषय घ्या, गावात एकूण किती एकर कापूस आणि तूर आहे याची यादी करा, आणि मगच घेणाऱ्याशी बोला. दोनशे एकरांची पऱ्हाटी एका आवाजात बोलली तर काटाही नीट चालतो.